तामारेच्या दाराबाहेर कोण होते?

तरुणसंघांसाठी व उपदेशकांसाठी पाठ

वाचनाचे भाग : २ शमुवेल १३:१–२२, रूथ २:८–१६, निर्गम २:१६–१९.
मुखपाठ : १ तीमथ्य ५:१–२.
पाठाचा हेतू : मुलामुलींवर होणारा लैंगिक अत्याचार घडण्यापूर्वीच अडविता येतो, आणि तो अडविण्याचे काम प्रथम तरुणांच्याच हाती आहे, हे समजून घेणे.



शाब्बाथ शाळेच्या पाठांत २ शमुवेलाचा तेरावा अध्याय सहसा येत नाही. दाविदाचे चरित्र शिकविणारा उपदेशक नाथानाच्या दृष्टांतापर्यंत येतो आणि तेथून एकदम अबशालोमाच्या बंडाकडे वळतो. मधली पाने तशीच उलटली जातात. आम्हीही ती पुष्कळदा उलटली आहेत. स्त्रिया व लेकरे समोर बसली असता असा विषय काढावा कसा, असा आम्हांस संकोच वाटे. परंतु जे देवाने पवित्र शास्त्रात लिहून ठेवविले ते वाचावयास आम्ही लाजावे, आणि तेच आमच्या गावांत व वस्त्यांत घडत असता तोंड मिटून बसावे, हे नीट नव्हे. म्हणून ह्या आठवड्यात हा अध्याय उघडून वाचावा, अशी आमची विनंती आहे. उपदेशकाने तो सावकाश व गंभीरपणे वाचावा. कोणास हसू आले तर रागावू नये. थोडे थांबावे आणि पुन्हा वाचावे.

१. काय घडले

दाविदाचा वडील मुलगा अम्नोन. त्याची सावत्र बहीण तामार. तिच्याविषयी त्याच्या मनात वासना उत्पन्न झाली. ती प्रीती होती असे त्यास वाटे. परंतु ती प्रीती नव्हती, हे पुढे दिसून आले. त्याचा चुलतभाऊ योनादाब हा त्याचा मित्र होता व तो मोठा धूर्त होता. त्याने अम्नोनास युक्ती सांगितली : आजाराचे सोंग घे, बाप भेटावयास आला म्हणजे बहिणीच्या हातचे अन्न माग. अम्नोनाने तसेच केले. बापाने मुलीस निरोप धाडला. ती गेली. तिने त्याच्या देखत पोळ्या भाजल्या. त्याने सर्व मंडळीस बाहेर घालविले आणि तिला धरले.

तामार गप्प राहिली नाही, ही गोष्ट विसरू नये. तिने स्पष्ट नकार दिला. असे कृत्य इस्राएलात होऊ नये, असे ती म्हणाली. आपली काय गत होईल आणि त्याचीही काय गत होईल, हे तिने त्यास सांगितले. त्याने ऐकले नाही. तो बळाने अधिक होता. कृत्य झाल्यावर त्याच्या मनात तिचा द्वेष उत्पन्न झाला. त्याने चाकरास बोलावून तिला बाहेर काढावयास व मागून दाराला अडसर घालावयास सांगितले. चाकराने तसे केले. तामारेने डोक्यावर राख घातली, अंगावरचा झगा फाडला आणि ती आक्रोश करीत रस्त्याने गेली. तिच्या भावाने, अबशालोमाने, तिला गप्प राहण्यास सांगितले. बापास राग आला; पण त्याने काही केले नाही.

२. चार दरवाजे

आता आपण एक प्रश्न विचारू. दोष कोणाचा? अम्नोनाचा, यात शंका नाही. शास्त्र तामारेकडे बोट दाखवीत नाही. आपणही दाखवू नये. ती तेथे का गेली, एकटी का गेली, तिने कोणते वस्त्र नेसले होते, असले प्रश्न शास्त्र विचारीत नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात तर, रानात ज्या मुलीवर जबरदस्ती झाली तिच्याकडे पाप नाही, ती ओरडली असेल पण सोडविणारा कोणी नव्हता, असाच अर्थ सांगितला आहे. आपल्या भाषेत आपण म्हणतो, मुलीची अब्रू गेली. हे बोलणे उलटे आहे. अब्रू गेली ती अम्नोनाची.

परंतु अम्नोन एकटा नव्हता. त्याच्या पापाच्या वाटेवर चार दरवाजे होते, आणि प्रत्येक दरवाजापाशी कोणीतरी उभे होते.

पहिल्या दरवाजापाशी योनादाब होता. मित्र दिवसेंदिवस वाळत चालला आहे हे त्याने ओळखले व कारण विचारले. मित्राने मनातले सांगितले. ह्या क्षणी एका शब्दाने पाप थांबले असते : ‘अम्नोना, हे बरे नव्हे, हे मनातून काढ.’ हा शब्द बाप बोलू शकला नसता, कारण बापास ठाऊक नव्हते. याजक बोलू शकला नसता. तो केवळ मित्रच बोलू शकला असता. त्याने त्याऐवजी युक्ती सांगितली.

दुसऱ्या दरवाजापाशी घरातील लोक होते. ज्यांस बाहेर जा म्हटले ते मुकाट्याने गेले.

तिसऱ्या दरवाजापाशी चाकर होता. रडणाऱ्या मुलीस त्याने डोळ्यांनी पाहिले आणि अडसर घातला. त्याला धन्याचे भय होते, हे आम्ही जाणतो.

चौथ्या दरवाजापाशी घरातील मोठी माणसे होती. बापाने राग केला व सोडून दिले. भावाने बहिणीला गप्प बसविले, आणि दोन वर्षांनंतर मेंढरे कातरण्याच्या मेजवानीत अम्नोनास ठार मारविले. त्याने पुढे आपल्या मुलीचे नाव तामार ठेवले, म्हणजे तो बहिणीस विसरला नव्हता. तथापि त्याच्या सूडाने तामारेस काय मिळाले? ती भावाच्या घरी उदास होऊन राहिली, एवढेच शास्त्र सांगते.

आमच्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) कोपर्डी गावी १३ जुलै २०१६ रोजी १५ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, हे वाचकांस आठवत असेल. सबंध महाराष्ट्रात लाखो लोकांचे मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने तिघांस फाशीची शिक्षा सुनावली. न्याय मागावा, हे योग्यच आहे. परंतु शिक्षा चौथ्या दरवाजापाशी येते. मुलगी वाचावयाची तर पहिल्या दरवाजापाशी कोणीतरी जागे असावे लागते, आणि तेथे तरुणाचा मित्र तरुणच असतो.

३. आमची एक चूक

हे लिहिताना आम्ही आपणांस निर्दोष ठरवीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही ज्या मंडळीत सेवा करीत होतो, तेथील एक चौदा वर्षांची मुलगी शेजारच्या गावी शाळेस जात असे. एस.टी.च्या थांब्यापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर एक तरुण तिला रोज अडवी, नको ते बोले, हात धरी. तो आमच्याच मंडळीतला. उपासनेत तबला वाजविणारा. बाप आमच्याकडे आला व म्हणाला, ‘पाळकसाहेब, काय करू?’ आम्ही प्रार्थना केली आणि सल्ला दिला, ‘काही दिवस पोरीस घरी ठेवा. बोभाटा होऊ देऊ नका.’ आम्हांस तो शहाणपणाचा सल्ला वाटला.

ते काही दिवस कधीच संपले नाहीत. मुलीची शाळा सुटली. तबला वाजत राहिला. दीड वर्षाने तिचे लग्न परगावी झाल्याचे आम्हांस मागाहून कळले. पुढे एका नाताळात ती कडेवर मूल घेऊन आली आणि ‘जय ख्रिस्त’ म्हणून पुढे गेली. तिने आमच्यावर काहीही ठपका ठेवला नाही. आम्हांस मात्र त्या दिवशी उपदेश करणे कठीण गेले. अबशालोमाचे शब्द आम्ही आमच्या तोंडाने बोललो होतो.

त्यानंतर आम्ही त्या मंडळीतील तरुणांस विचारले, तुम्हांस हे ठाऊक होते काय? एकाने खाली मान घालून उत्तर दिले, ‘आम्हां सगळ्यांना ठाऊक होते, पण आम्हांला कोणी विचारलेच नाही.’ हा पाठ त्या उत्तरापासून निघाला आहे.

४. बवाजाचे शेत आणि उसाचा फड

आता रूथचा दुसरा अध्याय उघडा. रूथ परदेशी, गरीब व विधवा. दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचावयास आली. अशा स्त्रीस कापणीच्या गर्दीत धोका असे. दुसऱ्याच्या शेतात कोणी तुला उपद्रव देईल, असे नामीनेही तिला पुढे म्हटले आहे. बवाजाने काय केले? त्याने रूथला, तू घरी बस, असे म्हटले नाही. त्याने आपल्या तरुण गड्यांस आधीच ताकीद दिली की, हिला कोणी हात लावू नये. पुढे आणखी सांगितले की, हिला लाजवू नका, धमकावू नका. म्हणजे हातास जशी मनाई, तशीच जिभेस. आणि त्याने तिला पाणी पिण्याची जागा दाखविली. स्त्रीला कोंडून न ठेवता पुरुषांस शिकविणे, ही बवाजाची रीत होय.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील वाचकांस ह्या शेताची ओळख वेगळी सांगावयास नको. दिवाळी झाली की भूम, परांडा, वाशी, कळंब ह्या तालुक्यांतून टोळ्या ऊस तोडावयास निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कारखान्याच्या बाजूस कोप्या पडतात. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात आणि वाढत्या वयाची मुलगी धाकट्या भावंडांस घेऊन कोपीत एकटी राहते. कोपीला दार नसते. अंघोळीला आडोसा नसतो. मुलीस गावी ठेवावे तर आजी म्हातारी. मग भीतीपोटी आईबाप तिचे लग्न उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २२ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले, आणि मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून अधिक आहे.

बंधूंनो, आपण मुलीस वाचविण्यासाठी तिचे लग्न करतो असे म्हणतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी निर्णय दिला की, अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध ठेवणे हाही बलात्कारच होय. म्हणजे ज्या संकटाच्या भयाने आपण लग्न लावतो त्याच संकटाच्या घरात मुलीस आपण आपल्या हातांनी पोहोचवितो. बवाजाच्या टोळीत एक गोष्ट होती, ती आमच्या टोळीत नाही : तरुणांस आधीच दिलेली ताकीद.

५. तरुणांनी तरुणांस शिकविले

हे होऊ शकते काय? होऊ शकते, आणि आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे.

१९९१ साली एका पत्रकाराने मुंबईच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की, बायकांस मारहाण करणे चूक आहे असे ज्या पुरुषांस वाटते त्यांनी पत्र लिहावे. २०५ पुरुषांनी लिहिले. त्यांतून १९९३ साली पुरुषांची एक संस्था उभी राहिली. ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ असे तिचे नाव असून लोक तिला ‘मावा’ म्हणतात. हरीश सदानी हे तिचे एक संस्थापक. २००६ सालापासून ह्या संस्थेने पुण्याकडील महाविद्यालयांत ‘युवा मैत्री’ नावाचे काम आरंभिले व पुढे ते इतर जिल्ह्यांत नेले. निवडलेल्या तरुणांची शिबिरे भरवावयाची. स्त्रीपुरुषांचे नाते, देहाची ओळख, राग, मर्दपणा म्हणजे काय, ह्यांविषयी मोकळेपणी बोलावयाचे. आणि मग त्या तरुणांनी आपापल्या महाविद्यालयात पथनाट्ये, भित्तिपत्रके व चर्चा यांच्या द्वारे इतर तरुणांस शिकवावयाचे, अशी तिची पद्धत. तरुण मुलगा जे बापाजवळ बोलत नाही, पाळकाजवळ तर नाहीच नाही, ते तो आपल्याहून दोन वर्षांनी मोठ्या मुलाजवळ बोलतो, हे तीत ओळखलेले आहे.

मुंबईतच दुसरा एक प्रयत्न झाला. शाळांच्या क्रिकेट संघांस शिकविणाऱ्या प्रशिक्षकांस तयार करण्यात आले आणि त्यांनी सरावाच्या वेळी मुलांशी मुलींच्या मानाविषयी बोलावे असे ठरले. पुढे पाहणी केली असता असे दिसले की, कोणी मुलीची छेड काढीत असता हसून साथ देण्याची सवय त्या मुलांत कमी झाली. वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावे. हसणे कमी झाले. अम्नोनाला बळ मिळते ते मित्रांच्या हसण्याने.

दूर अमेरिकेतील केंटकी राज्यात २६ हायस्कुलांत अशी परीक्षा झाली. काही शाळांत असे शिक्षण दिले, काहींत दिले नाही. ज्या विद्यार्थ्यांचा शब्द इतर विद्यार्थी मानतात अशांस निवडून, चुकीची गोष्ट घडताना पाहिली तर मध्ये कसे पडावे, हे त्यांस शिकविले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तिसऱ्या व चौथ्या वर्षी शिक्षण दिलेल्या शाळांत लैंगिक अत्याचार दुसऱ्या शाळांपेक्षा कमी घडले. पहिल्याच वर्षी फळ आले नाही, हे आमच्या उतावळ्या मंडळ्यांनी ध्यानात ठेवावे. पेरणाऱ्यास धीर लागतो.

कोणी म्हणेल, हे शहरांत व परदेशांत झाले. आमच्या खेड्यांत होणार नाही. पण आमच्याच जिल्ह्यात अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या साध्या स्त्रियांस शिकवून आरोग्याच्या कामास उभे केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ह्याच भागात खेड्यांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ होऊन घरबांधणीचे नियम लोकांस समजावून सांगत फिरल्या. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या बायकोने हे केले, तेथे शेतकऱ्याच्या मुलामुलींस का करता येऊ नये? आपल्या तरुणपणास कोणी तुच्छ मानू नये असे पौलाने तीमथ्यास लिहिले, ते पोकळ उत्तेजन नव्हते. त्याने त्याच्यावर काम सोपविले होते.

६. कायदा काय सांगतो

मुलांवरील लैंगिक अत्याचारांविषयीचा २०१२ चा कायदा ‘पोक्सो’ ह्या नावाने ओळखला जातो. तो त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून अंमलात आहे. त्यातील पुढील गोष्टी प्रत्येक उपदेशकास ठाऊक असाव्यात.

अठरा वर्षांखालील प्रत्येक जण, मुलगा असो वा मुलगी, ह्या कायद्याने बालक आहे. मुलग्यांवर असे काही होत नाही, हा भ्रम आहे. केंद्र सरकारने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील शेकडा ५३ हून अधिक मुलांनी आपणांवर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलगे मुलींहून कमी नव्हते.

अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो : नातलग, शेजारी, शिक्षक, मित्र. अम्नोन परका नव्हता. ह्यात धर्मसेवकही येतो. धर्मसंस्थेच्या व्यवस्थेतील वा सेवेतील मनुष्याने त्या संस्थेत बालकावर अत्याचार केला तर कायदा त्यास अधिक कडक शिक्षा देतो. म्हणून कोणताही पाळक, उपदेशक वा पंच, आमच्यासकट, ह्या पाठाच्या बाहेर नाही.

ज्यास अशी गोष्ट कळली त्याने पोलिसांस कळविणे हे त्याचे कर्तव्य आहे. न कळविणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पंचांनी बसून दंड घ्यावा, दोन्ही घरांचा समेट करावा, किंवा अत्याचार करणाऱ्याशीच मुलीचे लग्न लावावे, हे सर्व बेकायदेशीर आहे. बालकाचे नाव व ओळख प्रकट करण्यास मनाई आहे. म्हणून नाव घेऊन उपासनेत जाहीर प्रार्थना करणे हेही टाळावे. जबाब घेणाऱ्या पोलिसाने बालकाच्या घरी वा त्यास रुचेल त्या ठिकाणी, गणवेशावाचून, जबाब घ्यावयाचा असतो, आणि होता होईल तो अधिकारी स्त्री असावी. पीडितेवर रुग्णालयाने विनामूल्य उपचार केले पाहिजेत. महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजनेखाली तिला आर्थिक साहाय्यही मिळते.

बालविवाहाविषयी २००६ चा कायदा आहे. मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण झाल्यावाचून लग्न लावणाऱ्यास, मग तो पाळक का असेना, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गावात बालविवाह थांबविण्याचा अधिकार ग्रामसेवकास दिलेला आहे. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो व पोलिसांसाठी ११२ आहे. हे दोन्ही क्रमांक मंडळीच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

७. मंडळीत आरंभ कसा करावा

पहिले, तरुण निवडा. पाळकाच्या आवडीचा, सर्व वचने पाठ म्हणणारा मुलगाच निवडू नये. ज्याचे म्हणणे इतर मुले ऐकतात, ज्याच्याभोवती पाराजवळ किंवा क्रिकेटच्या मैदानात घोळका जमतो, तो निवडावा. दोन मुलगे व दोन मुली इतके पुरेत. बवाजाने ताकीद गड्यांस दिली, कारण धोका गड्यांपासून होता.

दुसरे, मुलग्यांची व मुलींची बैठक आठवड्यातून एकदा निरनिराळी भरवावी. महिन्यातून एकदा एकत्र. मुलींच्या बैठकीजवळ बायबलबाई किंवा भरवशाची वडील स्त्री असावी. तीत मुलींस ‘सांभाळून राहा’ एवढेच शिकवू नये. नकार कसा द्यावा, कोणास सांगावे आणि आपल्यात दोष नाही, हे शिकवावे. मुलग्यांस शिकवावे की, मुलीचे ‘नाही’ म्हणजे नाही. तिचे मौनही ‘होय’ नव्हे. आणि ती अठरा वर्षांखाली असली तर तिचे ‘होय’ही कायदा मानीत नाही.

तिसरे, योनादाबाच्या जागी उभे राहण्याचा अभ्यास करावा. मित्र वाईट बोलतो, मुलीचे चित्र मोबाईलवर फिरवितो, वाट अडविण्याचा बेत करतो. अशा वेळी काय बोलाल? मुलांनी ते प्रत्यक्ष बोलून पाहावे. बोलण्याचे धैर्य नसेल तर निदान हसू नये. मित्रास दुसऱ्या कामात गुंतवून तेथून न्यावे. मुलीजवळ जाऊन उभे राहावे. वडील माणसास तत्काळ सांगावे. मारामारी मात्र करू नये; अबशालोमाची वाट आपली नव्हे. बालकांची अश्लील चित्रे जवळ ठेवणे वा पुढे पाठविणे हाही गुन्हा आहे, हे त्यांस स्पष्ट सांगावे.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मोशे विहिरीपाशी बसला होता. धनगर मुलींस हाकलून देऊ लागले. मोशे परका व एकटा होता. तरी तो उठला, त्याने त्यांचा पक्ष घेतला आणि त्यांच्या कळपास पाणी पाजले. तुम्ही विहिरीवर आलाच कशाला, असे त्याने विचारले नाही. प्रत्येक एस.टी. थांबा, प्रत्येक हातपंप, ऊसतोडीच्या प्रत्येक कोपीची वाट ही मिद्यानाची विहीर आहे.

चौथे, एखादे बालक आपले दुःख सांगू लागले तर ऐकावे. ‘खरेच का?’ ‘कोणी पाहिले का?’ असे पुनःपुन्हा विचारू नये. ‘मी कोणास सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, तुझा दोष नाही,’ एवढे म्हणावे आणि ज्या वडील माणसावर भरवसा आहे त्यास घेऊन पुढचे पाऊल उचलावे. तरुणांवर पोलिसाचे किंवा न्यायाधीशाचे ओझे घालू नये. ते पहिल्या दरवाजाचे रखवालदार आहेत. चौथा दरवाजा आम्हां वडिलांचा आहे, आणि तेथे आम्ही उभे राहिलो नाही तर मुलांचे धैर्य दुसऱ्याच दिवशी खचेल.

पाचवे, टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आधी, एक सभा भरवावी. कोणत्या घरची मुलगी मागे राहते, कोणत्या घरची बरोबर जाते, ह्याची यादी बायबलबाईजवळ असावी. मागे राहणाऱ्या मुलीच्या घरी आठवड्यातून एकदा कोणी स्त्री जावी. बरोबर जाणाऱ्या तरुणांस बवाजाची ताकीद मंडळीसमोर द्यावी. मुकादम आपल्या मंडळीतला असेल तर त्यास प्रथम द्यावी.

सहावे, जिच्यावर अत्याचार झाला तिला मंडळीत पहिल्यासारखीच जागा असावी. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि वाईट माणसांच्या तावडीत सापडण्याच्या भयात असलेल्या सुमारे ३०० मुली व तरुण विधवांस घेऊन आल्या. पुढे केडगावच्या मुक्तिसदनाजवळ, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन काढले. ज्या घराचे नाव लोकांनी लाजेचे ठेवले असते त्यास त्यांनी कृपेचे नाव दिले. तामार भावाच्या घरी उदास होऊन राहिली. आमच्या मंडळीतील तामारेने गाण्यात, शाळेत आणि प्रभूच्या मेजाशी सर्वांबरोबर असावे.

८. विचार करण्याजोगे प्रश्न

(१) चार दरवाजांपैकी कोणत्या दरवाजापाशी तुम्ही आजवर उभे होता? मनात उत्तर द्या.
(२) योनादाबाने मित्रास काय म्हणावयास पाहिजे होते? तुमच्या गावच्या बोलीत सांगा.
(३) बवाजाने रूथऐवजी गड्यांस का ताकीद दिली? आपल्या गावात आपण ताकीद कोणास देतो?
(४) दाविदाचा राग निष्फळ का झाला? नुसता राग करणे आणि बालकाचे रक्षण करणे ह्यांत काय अंतर आहे?
(५) तुमच्या गावातील कोणत्या वाटा, वेळा व जागा मुलींस भयाच्या वाटतात? हे मुलींसच विचारा, आणि त्या बोलत असता मुलग्यांनी मध्ये बोलू नये.
(६) येत्या महिन्यात तुमचा तरुणसंघ कोणती एक गोष्ट करील? ती लिहून काढा व पुढच्या महिन्यात वाचून पाहा.

प्रार्थनेचे विषय : ज्या बालकांनी अजून कोणास सांगितलेले नाही त्यांसाठी. ज्या तरुणांस योग्य वेळी एक शब्द बोलण्याचे धैर्य हवे त्यांसाठी. ज्यांनी वाईट केले त्यांनी ते लपवू नये, तर सत्य पत्करून पश्चात्ताप करावा, यासाठी. आणि आम्हां पाळकांसाठी व वडिलांसाठी, की कोणी बाप दारी येऊन ‘काय करू?’ असे विचारील तेव्हा आम्ही त्याच्या मुलीस घरी बसविण्याचा सल्ला पुन्हा देऊ नये, तर त्याच्याबरोबर उठून चालावे.